‘ई निगेटिव्ह’ कागदामागचा विषाणू

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातूनच वेगळा झालेला गडचिरोली या दोन जिल्ह्यांत डोळे पिवळे पडण्याला कारणांचा तोटा नाही. फाल्सिपेरम हिवतापात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ दिसू लागते. सिकलसेलच्या रुग्णात याच पेशी बाराही महिने फुटत राहिल्यामुळे डोळ्यांवर पिवळी झाक कायमच असते. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यातून ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ येते. या गर्दीत हिपॅटायटिस बी, म्हणजे लोक ज्याला पांढरी कावीळ म्हणतात तो आजार, बहुधा डोळे पिवळे न करताच यकृतात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून असतो. गळ्यात काविळीची माळ घालून किंवा चुन्याच्या निवळीत हात धुऊन कावीळ ‘उतरवणाऱ्यांची’ पत टिकते ती पाण्यातून येणारी कावीळ काही आठवड्यांत बहुधा आपोआपच बरी होते म्हणून. दीर्घकालीन हिपॅटायटिस बीमध्ये मात्र उतरवण्याजोगे पिवळेपण नसतेच, आणि ते दिसू लागते तेव्हा यकृताचा बराचसा भाग कामातून गेलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू कायमचा वस्तीला होता आणि त्यांपैकी सुमारे २ कोटी ९८ लाख भारतात होते. भारतातील पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २००७ साली प्रसिद्ध झाले, त्यात बिगरआदिवासी लोकसंख्येतील प्रमाण २.४ टक्के आणि आदिवासींमधील १५.९ टक्के निघाले. मात्र अंदमान-निकोबार बेटांवरील काही लहान जमातींमध्ये हा संसर्ग विलक्षण दाट असल्याचे आढळलेले आहे, त्यामुळे ही सरासरी गडचिरोलीतील भामरागडच्या माडियांवर किंवा चंद्रपुरातील जिवतीच्या कोलामांवर जशीच्या तशी चिकटवणे हे शास्त्र नव्हे. ‘आदिवासी’ हा प्रशासकीय गट आहे. विषाणूचा प्रसार ठरतो तो बाळंतपण कुठे होते, सुई कुणाची असते आणि रक्त कुठून येते यावर.

संसर्ग कोणत्या वयात झाला, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. प्रौढ माणसाला लागण झाली तर पंचाण्णव टक्क्यांहून अधिक जण काही महिन्यांत विषाणू हटवतात. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे नव्वद टक्के मात्र तो आयुष्यभर बाळगतात, कारण नवजात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला परका मानत नाही. आईखालोखाल लहान मुलांचा एकमेकांशी होणारा निकट संपर्क, न उकळलेली सुई, तपासणी न झालेले रक्त, असुरक्षित शरीरसंबंध आणि एकाच सुईने अनेकांचे गोंदण हे मार्ग येतात. तापाला ‘सुई’ टोचली नाही तर औषध मिळाल्यासारखे न वाटणारा रुग्ण आणि तीच सुई पुन्हा वापरणारा गावोगाव फिरणारा बिनपदवीचा डॉक्टर ही जोडी जिथे टिकून आहे, तिथे हा विषाणू कुटुंबाबाहेरही सहज पोहोचतो.

आता विषाणूकडे वळू. बारुच ब्लमबर्ग यांनी १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी व्यक्तीच्या रक्तात त्याचा पहिला धागा शोधला आणि त्यासाठी त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो धागा म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणातील प्रथिन, ज्याला पृष्ठ-प्रतिजन म्हणतात; प्रतिजन म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा जो ओळखते असा पदार्थ, आणि आजही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती याच प्रथिनामुळे. विषाणूचा सारा आनुवंशिक मजकूर, म्हणजे त्याचा डीएनए, अवघ्या सुमारे ३,२०० अक्षरांचा आहे, ज्यात ए, टी, जी आणि सी ही चारच रासायनिक अक्षरे येतात, आणि त्यातही चार जनुके एकमेकांवर अशी चढलेली आहेत की एकच अक्षर दोन वेगवेगळ्या प्रथिनांच्या सूचनेत मोजले जाते. यकृताच्या पेशीत शिरल्यावर हा मजकूर पेशीकेंद्रात एका बंद वलयाच्या रूपात ठाण मांडतो, त्या वलयावरून आरएनएच्या प्रती निघतात आणि त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए लिहिला जातो.

बदल शिरतात ते या शेवटच्या पायरीवर. आरएनएवरून डीएनए लिहिणाऱ्या विकराला, म्हणजे ही रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, लिहिलेले ताडून पाहण्याची सोय नाही. सातबाऱ्याची नक्कल हाताने उतरवून मूळ कागदाशी न पडताळताच पुढे सरकवणाऱ्या लेखनिकासारखे त्याचे काम चालते. जोमाने वाढणाऱ्या संसर्गात रोज शंभर अब्जांच्या घरात नवे विषाणू तयार होत असल्याने ३,२०० अक्षरांपैकी प्रत्येक जागेवरची चूक कुठे ना कुठे रोजच घडत असते. या चुकांना उत्परिवर्तने म्हणतात. त्यांतल्या बहुतेक विषाणूलाच घातक ठरून तिथेच संपतात, काही निरुपद्रवी राहतात आणि काही थोड्या, परिस्थिती बदलली की, अचानक फायद्याच्या ठरतात. म्हणजे औषध किंवा प्रतिकारशक्ती नवे विषाणू घडवत नाही. आधीच तयार असलेल्यांपैकी कुणाला वाढू द्यायचे हे ती ठरवते.

बालपणी लागण झालेल्या माणसात हा संघर्ष साधारणपणे ठरावीक टप्प्यांतून जातो. आरंभीची दहा-वीस किंवा त्याहून अधिक वर्षे रक्तात विषाणू अफाट असतो, पण प्रतिकारयंत्रणा शांत असते आणि यकृताची सूज दाखवणारे एसजीपीटी हे विकर सामान्य मर्यादेत राहते. पुढे केव्हातरी प्रतिकारयंत्रणा जागी होते, संसर्ग झालेल्या यकृतपेशींवर हल्ले सुरू होतात, एसजीपीटी वाढते आणि दर हल्ल्यानंतर यकृतात थोडाथोडा तंतुमय वण साठत जातो. हा हल्ला यशस्वी झाला तर विषाणू खाली दबतो आणि माणूस शांत वाहकाच्या अवस्थेत जातो. लढाई लांबली तर वण वाढत जाऊन यकृत गाठाळ आणि आकसलेले होते, ज्याला सिरॉसिस म्हणतात. त्यानंतर पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी होणे, गुंगी येणे हे सारे ओघाने येते. विषाणू यकृताची पेशी थेट मारत नाही. नुकसान होते ते त्याला हुसकावण्याच्या शरीराच्या प्रयत्नांतून, आणि उत्परिवर्तनांचे महत्त्व त्यामुळेच या लढाईच्या संदर्भात समजून घ्यावे लागते.

विषाणू पृष्ठ-प्रतिजनाखेरीज ई-प्रतिजन नावाचे आणखी एक प्रथिन रक्तात सोडतो. विषाणूचा कण बांधायला त्याचा काही उपयोग नसतो. प्रतिकारयंत्रणेला अंगवळणी पाडून गप्प ठेवणे, हे त्याचे काम असावे असे मानले जाते. एरवी ते विपुल विषाणूची खूण असते, म्हणून ई-प्रतिजन नाहीसे होऊन त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने, म्हणजे प्रतिपिंड, दिसू लागले की आजार मावळला, असा अर्थ डॉक्टर पूर्वी लावत असत. भूमध्य सागराच्या परिसरातील काही रुग्णांनी हा अर्थ खोटा ठरवला: त्यांच्यात ई-प्रतिजन नव्हते, तरी विषाणू भरपूर होता आणि यकृताची सूज चालूच होती. १९८९ साली विल्यम कारमन आणि सहकाऱ्यांनी त्याचे कारण दाखवले. मजकुरातल्या १८९६ क्रमांकाच्या जागी ‘जी’ऐवजी ‘ए’ आलेले होते. त्यामुळे ‘टीजीजी’ हा तीन अक्षरी संकेत, जो प्रथिनाच्या एका घटकाचा, म्हणजे अमिनो आम्लाचा, आहे, तो ‘टीएजी’ झाला, आणि ‘टीएजी’ म्हणजे ‘इथे थांबा’. ई-प्रतिजनाचे लेखन अर्ध्यावर तुटते, परंतु विषाणूचा गाभा बांधणारे प्रथिन त्या जागेनंतर सुरू होत असल्याने त्याला धक्का लागत नाही. विषाणू आपली खूण पुसतो आणि वाढ मात्र चालू ठेवतो.

हा बदल जगात सर्वत्र सारखा आढळत नाही, आणि त्याचे कारण भारतीय वाचकाने समजून घेण्याजोगे आहे. विषाणूचा आरएनए या भागात स्वतःवरच दुमडून एक वळसा तयार करतो, ज्यात १८९६ क्रमांकाचे अक्षर १८५८ क्रमांकाच्या अक्षरासमोर बसते. ‘ए’ या जनुकप्रकारात, म्हणजे विषाणूच्या या पोटजातीत, समोर ‘सी’ असते आणि तिथे बदल झाला तर जोडी मोडून वळसाच सैल होतो, त्यामुळे असा विषाणू सहसा तगत नाही. ‘डी’ जनुकप्रकारात समोर ‘टी’ असते, ज्याच्याशी नव्या ‘ए’ची जोडी आधीपेक्षा घट्ट जमते. भारतात, आणि महाराष्ट्र धरून पश्चिम भारतातही, ‘डी’ आणि ‘ए’ हेच जनुकप्रकार मुख्यत्वे आढळतात व त्यांत ‘डी’चा वाटा मोठा आहे. म्हणजे ई-प्रतिजन नसलेल्या, पण सक्रिय असलेल्या आजाराला लागणारी जमीन इथे तयारच आहे.

दुसरा महत्त्वाचा बदल म्हणजे १७६२ आणि १७६४ या जागांवरची उत्परिवर्तनांची जोडी. हा भाग ई-प्रतिजनाचा आरएनए किती प्रमाणात निघावा हे नियंत्रित करतो. तिथले दोन बदल एकत्र आले की ई-प्रतिजनाचे उत्पादन पूर्ण थांबत नाही, पण बरेच घटते. तीच अक्षरे ‘एक्स’ नावाच्या प्रथिनाच्या सूचनेतही मोजली जातात, त्यामुळे पेशीच्या वाढीच्या नियंत्रणात ढवळाढवळ करणारे हे प्रथिनही बदलते. तैवानमध्ये १९९०च्या दशकारंभी सुरू झालेल्या आणि हजारो वाहकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतलेल्या ‘रिव्हील’ या अभ्यासात ही जोडी असणाऱ्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका अधिक आढळला. त्याच अभ्यासात १८९६चा बदल असणाऱ्यांमध्ये तो धोका उलट कमी निघाला, ही गोष्ट लोकप्रिय लेखनात सहसा गाळली जाते. उत्परिवर्तन म्हटले की वाईटच, ही समजूत त्यामुळे टिकून राहते.

महाराष्ट्रातील एका संस्थेने या प्रश्नाचा एक भयानक प्रसंग जवळून तपासला आहे. २००९ साली गुजरातच्या, तेव्हा साबरकांठा जिल्ह्यात असलेल्या मोडासा आणि परिसरात हिपॅटायटिस बीची साथ आली, शेकडो लोक आजारी पडले आणि तीव्र हिपॅटायटिस बीमध्ये अपेक्षित असतात त्याहून कितीतरी अधिक रुग्ण दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी केलेल्या तपासात साथीचे मूळ नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजांमध्ये आढळले, आणि पसरलेला विषाणू ‘डी’ जनुकप्रकाराचा असून त्यात १८९६ तसेच १७६२-१७६४ या जागांवरचे बदल असल्याचे दिसले. एखाद्या जुन्या वाहकाच्या शरीरात दीर्घ संघर्षातून निवडला गेलेला विषाणू ताज्या, पूर्ण सतर्क प्रतिकारयंत्रणा असलेल्या माणसांत सुईवाटे शिरला, आणि ई-प्रतिजनाची गुंगी नसल्यामुळे यकृतावर एकदम जोराचा हल्ला झाला, असे त्याचे स्पष्टीकरण मांडता येते. ई-प्रतिजन नसलेल्या आईपासून लागण झालेल्या काही बाळांना दोन ते चार महिन्यांच्या वयात जीवघेणी कावीळ होते, त्यामागेही हेच कारण मानले जाते. साथ मोडासाची होती. पण तिला लागणारी सारी सामग्री, म्हणजे न कळलेला वाहक, उतावीळ सुई आणि ‘डी’ जनुकप्रकार, विदर्भाच्या जंगलपट्टीतही जमू शकते.

मग उत्परिवर्तनामुळे आजार वाढतो, की आजार जुना झाल्यामुळे उत्परिवर्तने साठतात? या प्रश्नाचे सरळ उत्तर नाही. सिरॉसिसच्या रुग्णात असे बदल अधिक सापडतात हे खरे, पण त्याचा विषाणूही तरुण वाहकाच्या विषाणूपेक्षा अनेक दशके अधिक काळ निवडला गेलेला असतो. जनुकप्रकारांबाबतही भारतीय अभ्यास एका सुरात बोलत नाहीत: दिल्लीतील एका गटाला २००२ साली ‘डी’ प्रकाराचा संबंध अधिक तीव्र आजाराशी आढळला, तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या २००३ सालच्या पश्चिम भारतातील अभ्यासाने जनुकप्रकाराला वैद्यकीय महत्त्व दिसत नसल्याचा निष्कर्ष काढला. रुग्णाचा पुढचा प्रवास ठरवणाऱ्या गोष्टींत रक्तातील विषाणूचे प्रमाण, वय, यकृतात साचलेला वण आणि दारू यांचे वजन निर्विवादपणे मोठे आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ पासून २०२१ पर्यंत होती, तरीही मोहाची आणि चोरटी दारू या भागाला नवी नाही. पांढऱ्या काविळीच्या वाहकाने रोज दारू पिणे म्हणजे सिरॉसिसची वाट निम्मी आधीच चालून जाणे होय.

सगळ्या प्रश्नाचे व्यावहारिक रूप प्रयोगशाळेच्या एका कागदावर दिसते. समजा, एका चाळिशीतल्या शेतमजुराच्या कागदावर पृष्ठ-प्रतिजन पॉझिटिव्ह, ई-प्रतिजन निगेटिव्ह, ई-विरोधी प्रतिपिंड पॉझिटिव्ह आणि एसजीपीटी ३६ असे लिहिले आहे, आणि कागदाच्या उजव्या कडेला सामान्य मर्यादा ४० छापलेली आहे. वाचणाऱ्याच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘शांत वाहक’. परंतु जागतिक आरोग्य संघटना पुरुषांसाठी ही मर्यादा ३० आणि स्त्रियांसाठी १९ धरते, म्हणजे हा आकडा सामान्य नाहीच. शिवाय ई-प्रतिजन नसलेल्या सक्रिय आजारात एसजीपीटी लाटांसारखे वरखाली होते आणि दोन लाटांमधल्या शांततेत घेतलेला नमुना पूर्ण निर्दोष दिसू शकतो. शांत वाहक आणि उत्परिवर्तित विषाणूचा सक्रिय रुग्ण या एका कागदावर ओळखू येत नाहीत. त्यांना वेगळे काढते ती विषाणूच्या डीएनएची मोजणी, आणि ती नसेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा केलेली एसजीपीटीची तपासणी. उत्परिवर्तन नेमके कोणते, हे शोधण्याची महागडी चाचणी या रुग्णासाठी जवळजवळ अनावश्यक असते, हेही इथेच सांगितले पाहिजे.

सिकलसेलच्या रुग्णाचा कागद वाचणे याहून कठीण. त्याचे बिलिरुबिन, म्हणजे पिवळेपणा आणणारे द्रव्य, आधीच वाढलेले असते, त्यामुळे यकृताच्या आजाराची चाहूल सिकलसेलच्या खात्यावर जमा होते आणि दुखणे पुढे सरकत राहते. अशा रुग्णांना वारंवार रक्त लागते, आणि इथे आणखी एका उत्परिवर्तनाचा संबंध येतो. पृष्ठ-प्रतिजनाच्या १४५ क्रमांकाच्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल आले की प्रथिनाचा तो कंगोरा बदलतो, जो लसीने तयार झालेले प्रतिपिंड आणि चाचणीच्या पट्टीवरील प्रतिपिंड हे दोन्ही ओळखतात. लसीला चकवणारा हा विषाणू १९९० साली इटलीतील एका लसीकरण झालेल्या बाळात प्रथम वर्णिला गेला. तो दुर्मीळ आहे आणि लसीचे यश त्याने कुठेही उलटवलेले नाही, मात्र पृष्ठ-प्रतिजन न दिसता रक्तात विषाणू असण्याची शक्यता त्यामुळे आणि इतरही कारणांनी शिल्लक राहते. म्हणून वारंवार रक्त घेणाऱ्या प्रत्येक सिकलसेल व थॅलेसेमिया रुग्णाला लस देऊन ठेवणे आणि ठरावीक काळाने त्याचे यकृत तपासणे, ही चैन मानता कामा नये.

औषधांनीही विषाणूची निवड केली आहे. लॅमिव्ह्युडिन हे पहिले तोंडी औषध स्वस्त आणि सुरक्षित होते, पण डीएनए लिहिणाऱ्या विकरातील २०४ क्रमांकाचे मेथिओनिन बदललेले विषाणू काही वर्षांत बहुसंख्य रुग्णांत डोके वर काढू लागले आणि आवरलेला आजार पुन्हा उसळला. एचआयव्हीच्या जुन्या उपचारांत हिपॅटायटिस बीवर चालणारे औषध एकटे लॅमिव्ह्युडिनच असे, त्यामुळे दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णांना याची झळ अधिक लागली. आज दिल्या जाणाऱ्या टेनोफोव्हिरला मात्र अनेक वर्षांच्या वापरानंतरही उपचार निकामी करील असा प्रतिरोध प्रत्यक्षात दिसलेला नाही, आणि १८९६ किंवा १७६२-१७६४ चे बदल असलेल्या विषाणूवरही ते तितकेच चालते. ते विषाणूचे वलय पेशीकेंद्रातून काढू शकत नाही, म्हणून बहुतेकांना गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते आणि ती मध्येच सोडल्यास यकृताची सूज धोकादायक रीतीने उसळू शकते.

या जंगलपट्टीतल्या आरोग्ययंत्रणेपुढचे खरे कोडे अंतराचे आहे. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून अधिक लांब, तिथून नागपूर जवळजवळ तेवढेच पुढे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. डीएनएच्या मोजणीसाठी माणसाला न पाठवता नमुना पाठवता येतो; आणि जिथे तेही जमत नाही तिथे सतत वाढलेल्या एसजीपीटीवरून, किंवा एसजीओटी हे दुसरे विकर व प्लेटलेट या साध्या आकड्यांतून काढलेल्या यकृताच्या वणाच्या अंदाजावरून उपचार सुरू करावेत, अशी मुभा जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिलेली आहे. ज्या ठिकाणी डीएनए आणि ई-प्रतिजन या दोन्ही चाचण्या नाहीत तिथे पृष्ठ-प्रतिजन असलेल्या प्रत्येक गर्भवतीला टेनोफोव्हिर देण्याचा विचार करावा, असेही त्या सुचवतात. जन्मानंतर चोवीस तासांत द्यायचा लसीचा डोस व्यवहारात रुग्णालयातील बाळंतपणाशी बांधला गेल्याने घरी जन्मणारे बाळ त्यातून सुटते. ज्या गडचिरोली जिल्ह्याने घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत देशाला शिकवली, त्याच जिल्ह्यात ही त्रुटी राहावी हे पटत नाही. उष्णता बऱ्यापैकी सोसणारी, फक्त गोठू द्यायची नसलेली ही लस परिचारिकेच्या पेटीतून गावात पोहोचू शकते.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला आणि त्याखाली या आजाराच्या तपासण्या आणि औषधे मोफत आहेत. पांढऱ्या काविळीची नोंद झालेल्या माणसाने ‘ई निगेटिव्ह’ एवढ्यावर समाधान न मानता सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावे, घरातल्या प्रत्येकाची तपासणी व लसीकरण करून घ्यावे, आणि ज्याला गोळी सुरू आहे त्याने मृग लागण्यापूर्वी पावसाळाभर पुरेल एवढा साठा आरोग्य केंद्राकडून मागून घ्यावा.